वरच्या अंगाला काय आहे: एका डोंगरवाटेवरील पाण्याची रोजनिशी

डोंगरातल्या लांब पायपिटीच्या वर्णनात शिखरांना आणि खिंडींना भरपूर जागा मिळते. पाण्याला ती क्वचितच मिळते, आणि प्रत्यक्ष चालताना मात्र दिवसाचे निम्मे निर्णय पाण्याभोवतीच फिरत असतात: पुढचा ओढा किती दूर आहे, तो आटला तर नसेल ना, आणि पाणी असलेच तर ते प्यावे कसे. म्हणून ही रोजनिशी केवळ पाण्याची आहे. पर्वतरांगेचे आणि वाटेचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण आम्हाला पडलेले प्रश्न जगातल्या कोणत्याही निर्जन डोंगरात पदभ्रमण करणाऱ्याला किंवा शिकारीसाठी मुक्काम टाकणाऱ्याला तसेच्या तसे पडणार आहेत.

सामानात पोकळ तंतूंचा एक हलका फिल्टर होता, क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्यांची पाकिटे होती, स्टोव्ह आणि झाकणाचे भांडे होते, आणि पाणी साठवण्याच्या काही घडीच्या पिशव्या होत्या. यांपैकी कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या, पाण्याच्या पिशवीला तोंडाशी लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि ती पिशवी दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायची नाही असे ठरले होते. यांतले कोणते साधन सर्वांत उत्तम, हा वाद वाटेला लागण्याआधी पुष्कळ झाला. मला तो वाद निरर्थक वाटतो. उपाय पाणी पाहून ठरवावा लागतो, आणि पाणी पाहायचे म्हणजे भांड्यात नव्हे, तर त्या पाण्याच्या वरच्या अंगाला काय आहे ते पाहायचे.

पहिला दिवस: जंगलातला ओढा

वाट दाट जंगलातून ओढ्याच्या कडेकडेने चढत होती. पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे मोजता आले असते. अशा पाण्यापाशी थांबल्यावर एखादा सोबती हटकून म्हणतो की वाहते पाणी स्वतःच शुद्ध होते. वाहण्याने पाण्यात हवा मिसळते, घाण पातळ होते, काही जंतू उन्हाने मरतात, हे खरे आहे. परंतु मैलभर वर पाण्यात पडलेली विष्ठा तासाभरात येथे पोहोचत असेल, तर तेवढ्या वेळात त्यातले जंतू मरत नाहीत. थंड पाण्यात तर ते अधिक काळ टिकतात. नितळपणा हा पाण्यातील मातीविषयीचा पुरावा आहे, जंतूंविषयीचा नाही.

येथे वर वस्ती नव्हती, वन्य प्राणी मात्र होते, आणि अशा जागी फिल्टर पुरेसा ठरतो. त्याचे कारण आकारांत आहे. डोंगरी पाण्यातून पोटात जाणारे जीव ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे आदिजीव, म्हणजे एकपेशीय परजीवी, त्यांतले सर्वांत मोठे. जिआर्डियाची पुटी, म्हणजे कवचातली सुप्त अवस्था, ८ ते १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर क्रिप्टोस्पोरिडियमची ४ ते ६ मायक्रॉनची असते. जिवाणू त्याहून लहान, बहुधा अर्ध्या मायक्रॉनपासून काही मायक्रॉनपर्यंतचे असतात. विषाणू मात्र मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्शापासून दहाव्या हिश्शाच्या घरात मोजावे लागतात. आमच्या फिल्टरची छिद्रे ०.१ मायक्रॉनची होती, त्यामुळे पहिले दोन प्रकार अडतात आणि तिसरा बराचसा निसटतो.

फिल्टरची ही मर्यादा विज्ञानाच्या इतिहासात मोलाची ठरली आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी १८८४ साली झिलई न दिलेल्या चिनी मातीचा, जिवाणू अडवणारा फिल्टर तयार केला. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस अशा फिल्टरमधून गाळला, तरीही त्या गाळलेल्या रसाने निरोगी झाडांना रोग झाला. जिवाणूंहून लहान असे काहीतरी रोग निर्माण करते, ही जाणीव तेथून सुरू झाली. डोंगरात पिशवी पिळून फिल्टरमधून पाणी काढताना मला हे नेहमी आठवते, कारण पुढचा साधा व्यवहारी नियम त्यातूनच निघतो: विषाणूंपैकी जे माणसाला आजारी पाडतात ते प्रामुख्याने माणसाच्याच मलातून येतात, आणि म्हणून वरच्या अंगाला माणसे नसतील तर फिल्टरवर भागते, माणसे असतील तर भागत नाही.

दुसरा दिवस: कुरण

झाडी संपली आणि वाट एका विस्तीर्ण कुरणात शिरली. गुरे दिसत होती, ओढ्याच्या दोन्ही काठांवर त्यांच्या खुरांनी चिखल केला होता, आणि पाण्यात उतरायच्या जागी शेण साचले होते. आदल्या दिवशीचेच पाणी, तोच ओढा, पण उत्तर बदलले. गुरांच्या, विशेषतः वासरांच्या, शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम मोठ्या प्रमाणावर पाण्यात येतो, आणि हा जीव क्लोरीनला जवळजवळ दाद देत नाही. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या जलतरण तलावातही तो दहा दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून याच जीवाची लागण होऊन सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते, आणि त्या पाण्यात क्लोरीन होते. ज्यांच्या पाठपिशवीत शुद्धीकरणाच्या नावाखाली फक्त क्लोरीनचे किंवा आयोडीनचे थेंब असतात, त्यांनी कुरणातले पाणी घेण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

जिआर्डियाची गोष्ट वेगळी, पण तितकीच त्रासदायक आहे. सूक्ष्मदर्शकातून जीव पाहणारे डच संशोधक आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये स्वतःच्याच जुलाबाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हा जीव पाहिला असे मानले जाते, म्हणजे माणसाची आणि त्याची ओळख जुनी आहे. लागण होण्यास दहा पुटीही पुरतात. गढूळ पाणी ओळखता येते, दहा पुटी ओळखता येत नाहीत.

ओढ्याचे पाणी आम्ही घेतले नाही. कुरणाच्या वरच्या कडेला खडकाच्या फटीतून एक झरा निघत होता, आणि जमिनीतून पाणी बाहेर पडते नेमक्या त्या जागी भांडे धरले तर त्यावर गुरांचा पाय पडलेला नसतो. त्यासाठी वीस मिनिटे चढावे लागले. शुद्धीकरणाची पहिली पायरी कोणतेही यंत्र नसून अशी वीस मिनिटांची चढण आहे, असे माझे मत आहे. झऱ्याचे पाणीही आम्ही गाळूनच घेतले, कारण खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी मातीतून हळूहळू झिरपलेल्या पाण्याइतके गाळले जात नाही.

रात्रीसाठीच्या पाण्यात गोळ्या टाकल्या. क्लोरीन डायऑक्साइड हे साध्या क्लोरीनहून निराळे रसायन आहे आणि क्रिप्टोस्पोरिडियमवरही त्याचा परिणाम होतो, मात्र त्यासाठी चार तास थांबावे लागते. जिवाणू आणि विषाणू यांच्यासाठी अर्धा तास पुरतो. पुष्कळ लोक पाकिटावरचा अर्ध्या तासाचा आकडा वाचतात आणि चार तासांचा वाचत नाहीत. गोळी टाकल्यावर बाटली उलटी धरून झाकण किंचित सैल करावे आणि थोडे औषधी पाणी आट्यांमधून झिरपू द्यावे, कारण ओठ जेथे लागतात तेथील कच्चे पाणी अन्यथा तसेच राहते.

शौचाची जागा पाण्यापासून आणि मुक्कामापासून किमान साठ मीटर दूर, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा खणून निवडावी, हा नियम येथे वेगळ्या प्रकाशात दिसला. खालच्या मुक्कामावर जे कोणी असतील, त्यांच्या वरच्या अंगाला आता आम्ही होतो.

तिसरा दिवस: हिमनदीचे पाणी

दुपारी जो प्रवाह लागला तो पांढुरका, राखाडी, जणू कोणी पीठ कालवलेला होता. हिमनदी खडकावरून सरकताना तो इतका बारीक दळते की ती पूड तासन् तास पाण्यात तरंगत राहते. या पाण्यात रोगजंतू कमी असण्याची शक्यता बरीच असते, पण ते थेट फिल्टरमध्ये घातले तर तंतूंची छिद्रे काही लिटरांतच बुजतात. पाण्याचा धोका कमी आणि साधनाचा धोका जास्त, असा हा उलटा प्रकार आहे.

अशा वेळी घाई हा एकमेव शत्रू असतो. पाणी पिशवीत भरून रात्रभर स्थिर टांगावे, वरचे निवळलेले पाणी हळूच ओतून घ्यावे आणि मगच ते फिल्टरला दाखवावे. तुरटी असेल तर काम लवकर होते, कारण तिच्यामुळे सुटे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. कापडातून गाळण्याचाही उपयोग आहे, पण तो कशासाठी हे माहीत असावे. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे (कॉलऱ्याचे) प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले. तेथे कापडाने जिवाणू अडत नव्हते, तर जिवाणू ज्यांना चिकटून राहतात ते सूक्ष्म जलचर अडत होते. कापडाने पाणी पिण्यायोग्य होते असा त्याचा अर्थ नाही. पुढच्या साधनाचे ओझे मात्र हलके होते. गढूळ पाण्यात रसायनाचा बराच भाग मातीवरच खर्च होतो आणि जंतू मारण्यासाठी वापरलेल्या अतिनील किरणांचा प्रकाश कणांच्या सावलीत अडतो, त्यामुळे निवळणे ही पायरी प्रत्येक पद्धतीच्या आधी येते.

संध्याकाळी हवा गोठणबिंदूच्या खाली जाईल असे दिसू लागले. वापरलेल्या फिल्टरच्या तंतूंत पाणी अडकलेले असते, आणि ते गोठून प्रसरण पावले की तंतू आतून फाटतात. बाहेरून काहीही दिसत नाही, पाणी उलट अधिक जोरात वाहू लागते, आणि वापरणाऱ्याला फिल्टर सुधारल्यासारखे वाटते. म्हणून तो झटकून, लहान पिशवीत बंद करून, झोपताना पांघरुणात अंगाशी घ्यावा. एकदा गोठल्याची शंका आली तर त्यावर पुन्हा विश्वास ठेवू नये, कारण मुक्कामावर त्याची खात्री करण्याचा भरवशाचा मार्ग नसतो.

चौथा दिवस: खिंडीखाली, बर्फ वितळवून

सुमारे ४,२०० मीटर उंचीवर वाहते पाणीच नव्हते, म्हणून बर्फ वितळवावा लागला. वरचा थर खरवडून आतला स्वच्छ, घट्ट बर्फ घेतला. गुलाबी झाक असलेला भाग सोडला, कारण तो रंग बर्फावर वाढणाऱ्या शैवालाचा असतो. भांड्याच्या तळाशी आधी थोडे पाणी घालून मग बर्फ टाकत जावा, नाहीतर तळचा बर्फ वितळून वरच्या बर्फात शोषला जातो, तळ कोरडा तापतो आणि पाण्याला जळकट वास येतो. इंधनाचा हिशेब येथे निर्दय आहे. एक ग्रॅम बर्फ केवळ वितळवण्यासाठी ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्य अंशावरून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असते.

मग उकळण्याचा प्रश्न आला आणि त्याबरोबर जुना वादही. उंची वाढते तसा उत्कलनबिंदू घटतो, साधारण दर ३०० मीटरला एक अंश, म्हणजे येथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळत होते. मग असे उकळणे पुरेसे आहे का? पुरेसे आहे. रोग निर्माण करणारे जिवाणू, विषाणू आणि आदिजीव ७० अंशांच्या वर झपाट्याने मरतात, आणि पाणी तापत असताना तो टप्पा आधीच ओलांडलेला असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि ६,५०० फुटांच्या, म्हणजे सुमारे २,००० मीटरच्या, वर तीन मिनिटे उकळण्याची आहे. दहा किंवा वीस मिनिटे उकळण्याचा जो सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, त्याने पाणी आटते आणि इंधन संपते, अधिक शुद्धता मिळत नाही. खळखळून उकळी यावी असे सांगण्याचे कारणही साधे आहे: थर्मामीटर नसताना तापमानाची खात्री देणारी तेवढी एकच खूण डोळ्यांना दिसते.

माझ्या मते कुठल्याही जंतूबाबत शंका उरू न देणारा उपाय एकच आहे, तो म्हणजे उकळणे. आणि त्यामागची अडचण जंतूंची नसून इंधनाच्या वजनाची आहे.

पाचवा दिवस: न पिण्याचे पाणी

खिंड ओलांडून पलीकडे उतरताना पहिला ओढा लागला तो नारिंगी. दगडांवर गंजासारखा थर होता, पाण्यात एकही किडा किंवा मासा नव्हता, आणि वर उतारावर जुन्या खाणीचा राडारोडा दिसत होता. खाणीतून उघड्या पडलेल्या खनिजांवर हवा आणि पाणी यांची क्रिया होऊन आम्ल तयार होते, आणि ते आम्ल खडकातील धातू विरघळवते. विरघळलेला धातू आमच्या फिल्टरमधून सरळ पार होतो, गोळ्यांनी त्याला काही होत नाही, आणि उकळल्याने पाणी आटून तो अधिक तीव्र होतो. याच कारणासाठी खिंडीतून निघताना जास्तीचे पाणी पाठीवर घेतलेले होते. नकाशावर खाणीची खूण असली की पाणी वाहून न्यायचे, हे आधीच ठरवावे लागते.

त्याखालचे तळे आणखी फसवे निघाले. काठाला हिरव्या रंगाचा तवंग जमला होता. तेथे मुक्कामाला असलेल्या शिकाऱ्यांनी आपला कुत्रा दोरीने झाडाला बांधून ठेवला होता, आणि त्यांच्यातील वयस्कर गृहस्थांनी आम्हाला पाहताच, पाणी घेऊ नका, असे लांबूनच सांगितले. नीलहरित जिवाणूंचा असा बहर विषारी असू शकतो, आणि असे पाणी प्यालेली किंवा ओले अंग चाटणारी कुत्री दगावतात. यात उकळण्याने प्रसंग अधिक बिघडतो, कारण पेशी फुटून आतले विष पाण्यात मोकळे होते आणि ते विष उष्णतेने नष्ट होत नाही. फिल्टरने पेशी अडतील, आधीच विरघळलेले विष अडणार नाही. अशा पाण्याला पाठ दाखवणे हाच उपाय आहे.

त्यांच्याशी बोलताना शिकारीच्या मुक्कामावरचे काही वेगळे प्रश्न कळले. शिकार सोलून, आतडी काढून जे उरते ते ओढ्याजवळ टाकले, तर खालच्या माणसाला नितळ दिसणारे पाणी मेलेल्या जनावरावरून आलेले असते. ससे आणि कुरतडणारे प्राणी यांच्यात आढळणारा ट्युलरेमिया नावाचा रोग अशा पाण्यातूनही होऊ शकतो. हा रोग जिवाणूमुळे होतो, म्हणून फिल्टर, गोळी किंवा उकळी, तिन्ही त्याला चालतात. पण शिकाऱ्याला तो पाण्यापेक्षाही रक्ताने माखलेल्या हातांतून अधिक सहज होतो. त्या गृहस्थांनी पाणी शुद्ध करणाऱ्या माणसाने त्या दिवशी मांसाला हात लावायचा नाही अशी शिस्त घातली होती. मला ती फार आवडली. हातांसाठी वापरण्याचा अल्कोहोलयुक्त द्रव क्रिप्टोस्पोरिडियमवर चालत नाही आणि जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर नीट चालत नाही. साबण आणि भरपूर पाणी चालते. पाणी निष्ठेने गाळून मग त्याच हातांनी सर्वांसाठी जेवण वाढणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि गटात एकामागोमाग सगळे आजारी पडले की दोष ओढ्याला दिला जातो.

सहावा दिवस: माणसांच्या खाली

उतरणीवर मुक्कामाच्या जागा, तंबू आणि मग घरे दिसू लागली. नदी आता मोठी आणि सुंदर होती, आणि संपूर्ण वाटेवर तिच्याच पाण्याला मी सर्वांत जास्त भीत होतो. वरच्या अंगाला माणसे आली की नोरोव्हायरस, रोटाव्हायरस आणि कावीळ अ यांचे विषाणू हिशेबात धरावे लागतात, आणि ते आमच्या फिल्टरमधून जातात. म्हणून येथे दोन पायऱ्या केल्या: आधी फिल्टर, मग गोळी. आदिजीव फिल्टरनेच अडलेले असल्यामुळे गोळीसाठी चार तास थांबण्याची गरज उरत नाही, अर्धा तास पुरतो. क्रम उलटा केला तरी चालते, पण गाळलेल्या पाण्यात रसायन कमी वाया जाते.

वाटेत भेटलेल्या एका प्रवाशाकडे पेनासारखा अतिनील दिवा होता. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश जंतूंच्या डीएनएमध्ये अशी बिघाड करणारी जोडणी घडवतो की त्यांना पुढे वाढता येत नाही. क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम या प्रकाशापुढे मात्र नमतो. लिटरभर नितळ पाण्याला दीड मिनिट लागते, चव बदलत नाही, विषाणूही आटोक्यात येतात. साधन उत्तम आहे, आणि तरी केवळ त्याच्या भरवशावर मी डोंगरात जाणार नाही, कारण थंडीत बॅटरी अचानक मान टाकते आणि बंद पडलेल्या दिव्याला दुसरा उपयोग नसतो. ज्यांच्यापाशी गोळ्यांचे पाकीट राखीव आहे, त्यांनी तो जरूर न्यावा. आयोडीन मी राखीव म्हणूनही ठेवत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमवर ते निरुपयोगी आहे, आणि गर्भवतींनी व थायरॉइडचा विकार असलेल्यांनी ते टाळायचे असते.

परतल्यानंतर

फिल्टर स्वच्छ पाण्याने उलट दिशेने जोरात धुतला, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ब्लीचच्या सौम्य द्रावणातून काढला आणि हवेशीर जागी पुरता वाळवूनच ठेवला. ओला ठेवलेला फिल्टर आतून बुरसतो आणि पुढच्या वेळी पाणी सोडत नाही. पिशव्यांची तोंडे उघडी ठेवली, आणि लाल पट्टी तशीच राहू दिली.

पाण्याच्या नोंदींचा एक कागद मात्र आम्ही महिनाभर जपून ठेवला. कोणत्या दिवशी कोणत्या जागचे पाणी घेतले, त्यावर काय केले आणि किती वेळ थांबलो, एवढेच त्यावर होते. जिआर्डियाची लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात आणि क्रिप्टोस्पोरिडियमची बहुधा आठवड्याभराने दिसतात, त्यामुळे डोंगरातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी बिघडलेल्या पोटाचे कारण शेवटच्या ओढ्यातले हे आदिजीव बहुधा नसतात, आणि दोन आठवड्यांनी बिघडलेल्या पोटाचा ओढ्याशी संबंध कोणी जोडत नाही. चार-पाच दिवसांहून अधिक काळ जुलाब राहिले, पोट फुगले, ढेकरांना कुजका वास येऊ लागला, तर डॉक्टरांना डोंगरातील पाण्याविषयी आपणहून सांगावे आणि मलतपासणीत जिआर्डियाबरोबर क्रिप्टोस्पोरिडियमही शोधायला सांगावे, कारण नेहमीच्या तपासणीत तो बहुधा पाहिला जात नाही.